नात्झारेनोचे चोवीस सेकंद

नात्झारेनोला टाळी वाजवताना इटलीतल्या आमच्या रोक्कास्पिना गावात कुणीही पाहिलेलं नव्हतं. गावाचा बास्केटबॉलचा संघ जिंको नाहीतर हरो, हा गडी मैदानाच्या कडेला टेबलामागे ताठ बसलेला, अंगठा बटणावर, चेहरा मयताला आल्यासारखा. चोवीस सेकंदांचं घड्याळ त्याच्या ताब्यात होतं. ज्या संघाच्या हातात चेंडू, त्यानं चोवीस सेकंदांच्या आत तो बास्केटकडे फेकायचा. नाही फेकला तर भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांना मिळतो. खेळाडूच्या बोटाला चेंडू लागला की बटण दाबून घड्याळ सोडायचं, म्हणजे चालू करायचं, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणायचं खरं, पण या एका बटणापायी त्याच्या सख्ख्या भावानं दोन नाताळ त्याच्या घरचं जेवण टाळलं होतं.

संघ सुरू झाला तो चर्चच्या मागच्या डांबरी अंगणात. एक रिंग भिंतीला ठोकलेली, दुसरी अंजिराच्या झाडाशेजारच्या खांबाला, आणि मधोमध फादर उबाल्दोंचे झगे वाळत घातलेले. नात्झारेनो तेव्हा सोळा वर्षांचा, बुटका, एक पाय जन्मापासून आखूड. त्याला खेळात घेणार कोण? फादरनी त्याच्या गळ्यात स्वतःचं स्टॉपवॉच अडकवलं आणि सांगितलं, "टेबलावरच्या माणसाला गाव नसतं, भाऊ नसतो, काही नसतं. जमेल?" पोरानं मान डोलावली. पुढं त्यानं रीतसर परीक्षा दिली, बिल्ला मिळवला, आणि ती मान आयुष्यभर ताठ ठेवली.

बाकी गाव मात्र सुटलं. बुटांच्या कारखान्याच्या मालकांनी जर्सी दिल्या. मग पत्र्याचं छप्पर आलं, मग लाकडी फरशीचं मैदान आलं. एका हंगामात दोन मीटर उंचीचा अमेरिकन खेळाडू आला. त्याच्या पलंगाला पायथ्याशी बुटांची खोकी जोडून गावानं त्याच्या झोपेची सोय केली. शहरांचे संघ आमच्याकडे येऊन हरून जायला लागले. डोंगरावरचं आठ हजार वस्तीचं गाव, वर्तमानपत्रात नाव आलं की न्हाव्याच्या दुकानात ते पान महिनाभर चिकटवलेलं असायचं. तिकिटांचा गल्लाही वाढला आणि तोराही.

पण जसजसा संघ वर चढला, तसतसे पाहुण्या संघांचे लोक नात्झारेनोकडे बोट दाखवायला लागले. "घड्याळावर गावचाच माणूस बसवलाय, मग काय!" हे वाक्य त्यानं किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. दरवेळी त्याचे कान लाल व्हायचे. कातडी कापायच्या यंत्रावर त्यानं चाळीस वर्षं काढली, कधी कुणाचा वीतभर तुकडा घरी नेला नाही. अशा माणसाला कुणी लबाड म्हणावं?

मग २००३ सालचा जून महिना आला. जिंकलो तर वरच्या गटात, असा सामना. शेवटचे सव्वीस सेकंद उरलेले, आम्ही एका गुणानं मागे, चेंडू आमचा. घड्याळावर चोवीस. संघात नात्झारेनोचा पुतण्या होता, लोरिस, थोरल्या भावाचा, सेत्तिमिओचा मुलगा, वय चोवीस. चेंडू फिरत फिरत कोपऱ्यात त्याच्याकडे आला. त्यानं उडी मारली, भोंगा वाजला, आणि मग चेंडू हातातून सुटला आणि रिंगमधून सरळ खाली आला. पंचांनी हात आडवे हलवले. बास्केट रद्द. आम्ही एका गुणानं हरलो.

दुसऱ्या दिवशी बारमध्ये नात्झारेनो शिरला तर कॉफी यंत्राच्या फुरफुरीशिवाय आवाज नव्हता. सेत्तिमिओ एकटाच बोलला.

"माझं पोर उडी मारून हवेत होतं रे, नेनो. हवेत! तुझ्या अंगठ्याला एक श्वास घ्यायला काय झालं असतं?"

"दादा, घड्याळ शून्यावर आलं की भोंगा आपोआप वाजतो. मी नाही वाजवत."

"हो, तू काहीच नाही करत. तू आयुष्यभर काहीच नाही केलंस," सेत्तिमिओ म्हणाला आणि कप तसाच टाकून निघून गेला.

 वर्षभरातच लोरिसनं खेळणं सोडलं. कुणी विचारलं की हसून सांगायचा, "माझे हात अर्धा क्षण उशिरा चालतात, वरच्या गटात नाही चालायचं हे." शहरातल्या एका क्लबचं बोलावणं आलेलं, तेही त्यानं नाकारलं. पुढं तो आमच्याच संघाचा दुय्यम प्रशिक्षक झाला. म्हणजे काका टेबलामागे आणि पुतण्या बाकावर, मध्ये तीन मीटर अंतर. अकरा वर्षं ते दोघं दर रविवारी "नमस्कार" म्हणाले आणि त्यापुढं गेले नाहीत. सेत्तिमिओ दोन वर्षांनी नाताळच्या जेवणाला परत यायला लागला, पण लोरिसची खुर्ची रिकामीच राहिली. देर्ना, नात्झारेनोची बायको, दरवर्षी त्या खुर्चीपुढं ताट मांडायची आणि जेवण झाल्यावर तसंच रिकामं उचलायची.

२०१४ च्या जूनमध्ये पुन्हा तीच वेळ आली, वरच्या गटासाठीचा सामना, आमच्याच मैदानावर. यावेळी आणखी एक गोष्ट ठरलेली होती. जिंकलो तर पुढच्या हंगामापासून टेबलावरची माणसं आंकोना शहराहून येणार. वरच्या गटात तसाच नियम. म्हणजे जिंको वा हरो, नात्झारेनोचं काहीतरी जाणारच होतं. गावातली पोरं चेष्टा करायची, "काका, जिंकवा आणि घरी बसा!" तो बिल्ला पुसत पुढं चालू लागायचा.

सामन्याच्या आदल्या रविवारी देर्नानं भट्टीतून थरांच्या पास्त्याची परात काढली, ताटात वाढली आणि स्वतः न जेवता समोर बसली.

"नेनो, एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

"चिडेन की नाही ते ऐकल्यावर कळेल."

"तू आपल्या पोरांचं घड्याळ लवकर सोडतोस."

त्यानं काटा खाली ठेवला. देर्ना कारखान्यात बुटांचे वरचे भाग हातानं शिवायची, सेकंदाला एक टाका. पस्तीस वर्षं तेच केल्यावर तिच्या बोटांत घड्याळ बसलेलं. मैदानात प्रेक्षकांत बसली तरी तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर टाके मोजत असायचा, तिलाही न कळत.

"पाहुण्यांचे चोवीस भरतात," ती म्हणाली, "कधी कधी तर थोडे जास्तच. ते चेंडू नीट हातात घेईपर्यंत तू थांबतोस. आपल्यांच्या वेळी चेंडू रेषेबाहेरून आत सुटला की तुझा अंगठा पडतो, पोराच्या हाताला लागायच्या आधी. अर्धा टाका. दरवेळी."

"खोटं आहे."

"असेल बाई खोटं."

"आणि इतकी वर्षं तू मला आज सांगतेस?"

"सांगून काय केलं असतंस? बिल्ला परत केला असतास. दुसरं काय होतं तुझ्याकडे?" देर्नाचे डोळे भरले. "पण लोरिसची खुर्ची मी अकरा वर्षं मांडतेय, नेनो. आता माझ्याच्यानं होत नाही."

तो ताटावरून उठला. चिडला होता, पण देर्नावर नाही. त्याला पक्कं ठाऊक होतं की ती बरोबर आहे. अंगठ्याला सवय लागली होती. कुणी आपल्यावर बोट ठेवू नये म्हणून तो वर्षानुवर्षं स्वतःच्या गावाच्या पोरांचा अर्धा अर्धा सेकंद कापत आला होता आणि त्यालाच सचोटी समजत आला होता. कातड्याचा तुकडा चोरला नाही म्हणून मिरवणारा माणूस, आणि हे मात्र चोरलं, तेही स्वतःचं नाव स्वच्छ राहावं म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली.

सामन्याच्या दिवशी मैदान इतकं भरलं की जिन्यांवर माणसं बसली. नात्झारेनोनं एकच ठरवलं होतं, चेंडूकडे बघायचं, जर्सीकडे नाही. सुरुवातीला अंगठा ऐकेना. मग हळूहळू ऐकायला लागला. शेवटचे चाळीस सेकंद उरले, आम्ही दोन गुणांनी पुढे, आणि चेंडू पाहुण्यांचा. त्यांच्या माणसानं बाहेरून चेंडू आत टाकला. आतल्याच्या बोटाला तो जेमतेम लागला, हातातून निसटला, मग त्यानं तो सावरला. एरवी नात्झारेनो सावरेपर्यंत थांबला असता. आज बोटाला लागल्याबरोबर त्याचा अंगठा पडला.

चेंडू फिरला, आमची पोरं चिकटून उभी. पाहुण्यांचा सगळ्यात उंच खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेरून उडाला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू त्याच्या बोटांच्या टोकावर होता. मग तो रिंगमधून सुरेख खाली आला. पंचांनी हात आडवे हलवले. पुढच्या सोळा सेकंदांत पाहुण्यांनी आमच्या एका पोराला धक्का दिला, त्यानं दोन्ही मुक्त फेकी बास्केटमध्ये टाकल्या, आणि आमचं गाव वरच्या गटात गेलं.

लोक मैदानात धावले, कारखान्याचे मालक रडत होते. नात्झारेनो खुर्चीतच होता. पाहुण्या संघाचा व्यवस्थापक टेबलावर हात आपटून ओरडला, "चोर! गावचा माणूस बसवून घड्याळ पळवलंत! चोर आहेस तू!"

आयुष्यात ज्या दिवशी त्यानं घड्याळ पहिल्यांदा खरं सोडलं, त्याच दिवशी त्याला तोंडावर चोर म्हटलं गेलं. नात्झारेनोला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात दोघांच्या मध्ये कुणीतरी येऊन उभं राहिलं. तो लोरिस होता.

"कोणाला चोर म्हणतोस रे?" लोरिसनं त्या माणसाला छातीवर हात टेकून मागे ढकललं. "माझे काका आहेत हे! याच मैदानावर, असाच सामना, यांनी माझी बास्केट जाऊ दिली. सख्ख्या पुतण्याची! सगळ्या इटलीत यांच्याइतका सरळ माणूस दाखव मला, मग बोल."

व्यवस्थापक शिव्या देत गेला. लोरिस वळला, घामानं डबडबलेला, हसत, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं काकाच्या खांद्यावर हात ठेवला. मागे गर्दीतून देर्ना पुढे आली होती. तिनं ते पाहिलं आणि तोंडावर हात दाबून घेतला.

नात्झारेनो फक्त गप्प बसला असता तरी पुरे होतं. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. ती खुर्ची भरली असती, देर्ना सुखावली असती, आणि गावानं त्याला खांद्यावर घेतलं असतं.

"लोरिस," तो म्हणाला, "तुझ्या वेळी मी घड्याळ आधी सोडलं होतं."

"काय?"

"चेंडू पोराच्या हाताला लागायच्या आधी. आपल्या लोकांच्या वेळी मी नेहमीच तसं करायचो, मला कुणी लबाड म्हणू नये म्हणून. तुझे चोवीस भरलेच नव्हते. अर्धा सेकंद कमी होता. तुझी बास्केट खरी होती."

लोरिसचा हात खांद्यावरून खाली आला. भोवती ढोल वाजत होते, कुणीतरी विजयाची आठवण म्हणून रिंगची जाळी कापत होतं. तो काकाकडे बघत राहिला, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"मी खेळ सोडला, काका," तो हळू म्हणाला. "मला अकरा वर्षं वाटत होतं की मी मंद आहे."

 नात्झारेनोनं कोटावरचा बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला.  "माझं चुकलं रे पोरा," एवढंच तो म्हणाला, आणि आखूड पाय ओढत दाराकडे निघाला.

दारात देर्नानं त्याचा दंड धरला. दोघं चर्चच्या चढाला लागले. अजून उजेड होता. खालून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते आणि गावातली झाडून सगळी माणसं उलट्या दिशेनं मैदानाकडे पळत होती. अर्ध्या चढावर मागून पावलं वाजली.

"काकू," लोरिस धापा टाकत म्हणाला, "जेवायला काय आहे?"

"तू सांगशील ते," देर्ना म्हणाली.

"मी येतोय. पण याच्याशी आज एक शब्द बोलणार नाही मी. उद्याही नाही. सांगून ठेव त्याला."

"ऐकलं त्यानं."

लोरिस त्यांना मागे टाकून भराभर पुढे गेला. वळणावर पोचल्यावर मात्र तो थांबला, पाठ करूनच, काकाचा आखूड पाय चढ चढून येईपर्यंत.