उद्दिष्ट साध्य झाले

जगातल्या कुठल्याही सुखदुःखाचा अहवाल लिहिता येतो असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या गळ्यात पडला. आमचे हे भावोजी सिंगापूरच्या एका धर्मादाय ट्रस्टमध्ये नोकरी करतात. ट्रस्ट आफ्रिकेतल्या खेड्यांना अनुदान देतो आणि गावात काय सुधारलं याचा अहवाल भावोजी लिहितात. घरीही हात थांबत नाही. ताईला कळा सुरू झाल्या तेव्हा हे वही घेऊन बसले. ‘आधी सद्यस्थिती नोंदवू, मग निघू,’ म्हणाले. ताईने वही हिसकावून भिरकावली म्हणून निदान भाची हॉस्पिटलात जन्मली. गणपतीत सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या त्यांच्या फ्लॅटवर मोदक खाल्ले की पाहुण्यांच्या हातात फॉर्म येतो: अपेक्षा काय होती, पूर्ण झाली का? ‘बाबा, लेट देम ईट लाह!’ असं भाची तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडते, आणि भावोजी तेही शेऱ्यांच्या रकान्यात लिहून घेतात.

पण मलावीतल्या एका गावाचा विषय निघाला की हा माणूस हळवा होतो. गाव जंगलाच्या कडेला. हत्ती येऊन मका फस्त करायचे आणि लोक भाले घेऊन त्यांच्यामागे धावायचे. ट्रस्टच्या अनुदानातून शेतांभोवती तारेवर मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या. माश्या घोंघावल्या की हत्ती मागे फिरतो म्हणे. पेट्या सांभाळणाऱ्या बायकांची पुढारी एस्तेर. तिचा भावोजींना दर रविवारी व्हिडिओ कॉल. ते तिकडे दोनदा जाऊन आले. जाताना ताईच्या हातचा चिवडा नेला आणि येताना ‘फार तिखट’ हा एस्तेरचा लेखी अभिप्राय घेऊन आले.

तिसऱ्या वर्षी एकही हत्ती शेतात शिरला नाही. भावोजींनी अखेरचा अहवाल असा लिहिला की वाचून मलासुद्धा भरून आलं. शेवटचं वाक्य होतं, ‘उद्दिष्ट साध्य झाले.’ त्यापुढे ‘पेट्यांची देखभाल आणखी काही वर्षे करावी लागेल’ असं होतं, ते त्यांनीच खोडलं. शेवट कसा ठसठशीत हवा, म्हणाले. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या आणि उद्दिष्ट साध्य झालं म्हणून अनुदान थांबवलं.

पुढे दुष्काळ पडला. फुलं नाहीत म्हणून माश्या उडून गेल्या, पेट्यांना वाळवी लागली, आणि एस्तेरचा उभा मका हत्तींनी एका फेरीत संपवला. भावोजींनी विश्वस्तांना पत्रावर पत्रं लिहिली. चूक माझी आहे, असं प्रत्येकात लिहिलं. यशस्वी प्रकल्पाची फाइल पुन्हा उघडायची पद्धत नाही, असं उत्तर आलं.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडेच होते. एस्तेर फोनवर दिसली, फार वाळली होती. तिने दोषाचा एक शब्द काढला नाही. तिच्या सावकाश इंग्रजीत ती म्हणाली, ‘सर, मागचा रिपोर्ट तुम्ही किती सुंदर लिहिला होता! तसाच अजून एक लिहा, म्हणजे पेट्या परत येतील.’ भावोजी ‘हो’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवून ते जेवायलाही उठले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त माया वाटत होती.

आज शनिवार. उद्या एस्तेर विचारणार, लिहिला का.