हालत्या गाडीतली नाडी

सोनपेठहून परभणीला जाताना एसटीत शेजारच्या सीटवरली नर्स पोरगी म्हणली, "बाबा, जरा हात देता? नाडी मोजते." समुद्रातल्या तेलविहिरीवर कामगारांच्या दवापाण्याची नोकरी तिला पाहिजे होती. उद्या त्या नोकरीची परीक्षा होती. गाडी आदळली की नाडी सुटायची. ती परत एकपासून मोजायची.

"घरी मोज की," मी म्हणलो.

"घर हालत न्हाई, बाबा. तिथं समुद्रात पायाखालचं सगळं हालतं. डॉक्टर फोनवर असतो, हात माझाच."

माझी बायको दवाखान्याला नेताना जीपमधीच गेली. नाडी बघणारं कुणी नव्हतं. पोरीला तसं सांगितलं. तिनं माझ्या मनगटावरली बोटं घट्ट केली.

पुढं लय खड्डे लागले. "आता सोडू नकोस," म्हणलो.

तिनं पुरं मिनिट मोजलं.