चेअरमन निवडीच्या वेळचं फ्रेंच जेवण

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावची दूध डेअरी मी उभी केली, सुरुवातीचे कॅन सायकलवर वाहिले. पण चेअरमन कधी झालो नाही. त्या वर्षी अकरा संचालकांत सहा आमचे निवडून आले आणि खुर्ची मला द्यायची ठरली.

निवडीच्या सभेचा अजेंडा आला तेव्हा मास्तर शेजारीच बसले होते. रिटायर शिक्षक, संचालक, माझे चाळीस वर्षांचे दोस्त. मी चौथी शिकलेला. अक्षर लावत लावत वाचतो, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून कागद नेहमी त्यांच्या हाती द्यायचो.

"मंगळवार, सकाळी अकरा," त्यांनी वाचलं. मी सही ठोकली.

निवडीआधी संचालकांना सहलीला न्यायची आमच्याकडं रीतच आहे, म्हणजे समोरचे फोडत नाहीत. "बाकीचे तिघं पक्के हायेत, आपण पुण्याला जाऊ," मास्तर म्हणाले. तिसरा दोस्त पोल्ट्रीवाला, तोही संचालक. गाडी त्याची. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या लेकीनं सोमवारी दुपारी फ्रेंच हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं.

पहिलं आलं कांद्याचं सूप. कांदा पार काळा होईस्तोवर परतलेला, वर पाव, त्यावर चीज.

"घरी असा केला तर बायकोला करपला म्हणून बोलशील," पोल्ट्रीवाला म्हणाला.

मग लाल वाईनमध्ये शिजवलेली कोंबडी. ग्लासातही तीच वाईन, जांभळासारखी तुरट. मास्तरांनी ग्लास वर केला. "चेअरमनसायेब, घ्या!" मला लई बरं वाटलं. दुसरा ग्लास मीच मागितला.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अवो, हितं गुलाल उधळत्यात. डेअरीची निवड झाली. मास्तरांचा पोरगा चेअरमन झाला."

"निवड उद्या हाय."

"आज हुती. सकाळी अकराला."

पोरगा आमच्या सहांतलाच, त्या पक्क्या तिघांतला संचालक. आम्ही तिघं पुण्यात, तिथं आमचे तिघंच उरलेले, म्हणून समोरच्या पाच मतांवर तो खुर्चीत बसला. मी फोन खाली ठेवला. पोल्ट्रीवाला हाडाशी खेळत होता. त्यालाही ठाऊक होतं.

"आण्णा, सरकारी कागद येत्यात, सायेब येत्यात," मास्तर म्हणाले. "तुला वाचायला जमलं असतं का? पोरगं शिकलेलं हाय."

"मग तोंडावर सांगायचं."

"ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. पण माझ्या न वाचण्याची लाज मी एवढ्या एकाच माणसाजवळ उघडी ठेवली होती. सोमवारचा मंगळवार वाचून तिचाच त्यांनी असा उपयोग केला.

मी उठलो आणि एकटा एसटीनं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढली, किटली सायकलला अडकवली आणि आमच्या डेअरीच्या दारावरून, मान न वळवता, शेजारच्या गावच्या डेअरीत दूध घालून आलो.