धोंड्याचं जेवण आणि चार्जरची वायर

बाबाराव गावंडे यांना चारचौघांत टोमणा मारा, ते हसतील. अंगावर चहा सांडा, म्हणतील, "जाऊ द्या न, उन्हाळा आहे, वाळते." माणूस इतका गरीब की खापरखेड्याच्या कॉलनीतली कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकत नाहीत. फक्त एक खोड आहे. ते विसरत नाहीत. एका मामेभावाने आपल्या लग्नात त्यांना दुसरा रसगुल्ला विचारला नव्हता. बावीस वर्षांनी त्या मामेभावाच्या पोरीचं लग्न निघालं. बाबाराव गेले, आहेर केला, पंगतीत बसून पाण्याचा एक घोट घेतला आणि भरलं ताट तसंच ठेवून उठले. मामेभाऊ अजून विचारतो, भाजीत काही पडलं होतं का?

तर अशा माणसाला डिवचू नये. पण हे त्यांच्या साडूला, उन्मेषला, कोणी सांगितलं नव्हतं.

बाबाराव वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये चोवीस वर्षं काट्यांकडे बघत बसलेत. त्यांची बायको अस्मिता म्हणजे रामदासपेठेतल्या शोभाताईंची थोरली लेक. धाकटी सुरुची, तिचा नवरा उन्मेष. हा उन्मेष मूळचा कळमेश्वरचा, पण पुण्याला नोकरी लागली आणि सहा महिन्यांत त्याच्या 'मले'चं 'मला' झालं. पुढे त्याने अर्धं खाल्लेल्या सफरचंदाचा फोन घेतला. त्या फोनची वायर वेगळी. जगातल्या कुठल्याच दुसऱ्या फोनला न लागणारी, नाजूक, पांढरी. सासरी आला की पायातले बूट काढायच्या आधी तो ती वायर पिशवीतून काढून हॉलमधल्या बोर्डाला लावायचा, आणि सगळ्यांना दिसेल अशी लोंबत ठेवायचा. नवरीच्या चुड्यासारखी.

२०२३ साली अधिक श्रावण आला. अधिक महिना म्हणजे जावयांचा महिना. शोभाताईंनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. अनारसे तेहतीस, पुरणाचे धोंडे, वरून तुपाची धार. अधिक महिन्यात जावयाला छिद्रं असलेला पदार्थ द्यावा म्हणतात, म्हणून अनारसे. पण त्या दिवशी बाबारावांना वेगळ्याच छिद्राने दगा दिला. त्यांचा फोन बंद पडत आला होता. समोर बोर्डाला वायर लोंबत होती. त्यांनी उचलली आणि आपल्या फोनात घातली. जाईना, म्हणून दाबली. करकर वाजलं आणि वायरीचं टोक वाकडं झालं.

उन्मेषने ती वायर उचलली, दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर शेपटीने धरतात तशी. भरल्या घरात म्हणाला, "साडूभाऊ, ही वायर मागून मिळत नाही हो. आधी फोन घ्यावा लागतो!" आणि मग वर, "कमाल आहे, ज्याला वायर कळत नाही तो अख्ख्या विदर्भाची वीज सांभाळतो!"

घर हसलं. शोभाताईंना हसता हसता उचकी लागली. अस्मितासुद्धा तोंडाला पदर लावून हसली, आणि बाबारावांनी ते पाहिलं.

त्यानंतर दरवेळी बाबाराव सासरच्या दारात आले की उन्मेष आतून ओरडायचा, "वायरी लपवा रे, बाबाराव आले!" पोरं ओरडायची, मेव्हणा रजत ओरडायचा. बाबाराव हसायचे. पण त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. उन्मेषने त्यांच्यापुढे हात पसरून वायर मागायची. भरल्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

आता हे व्हायचं कसं? त्याच्या फोनला यांची वायर लागतच नव्हती. पण देव रामदासपेठेत नसला तरी युरोपात होता. तिकडच्या सरकारांनी फोनवाल्यांना दम भरला, पुरे झाली तुमची थेरं, सगळ्यांनी एकच भोक ठेवा. अधिक श्रावण संपून महिना झाला नाही तोच सफरचंदवाल्यांनीही नव्या फोनला सर्वांसारखं भोक दिलं. बाबारावांनी ती बातमी पेपरातून कापून पाकिटात ठेवली. देवाच्या फोटोमागे.

उन्मेषने नवा फोन घ्यायला दोन वर्षं लावली. गेल्या भाऊबिजेला बाबारावांनी पाहिलं, साडू गुपचूप रजतची वायर आपल्या फोनाला लावतो आहे. स्वतःची आणलीच नव्हती. आणेल कशाला? आता ज्याच्या त्याच्या घरी तीच वायर. ऐट करायला उरलंच काय!

घरी जाऊन बाबारावांनी पंचांग उघडलं. पुढचा अधिक महिना २०२६, ज्येष्ठ. म्हणजे ऐन नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस.

ठरल्या दिवशी बाबाराव स्कूटरवर अस्मिताला घेऊन सकाळी नऊलाच रामदासपेठेत हजर. ऊन असं की दाराची कडी हाताला चटका देत होती. आत गेले, पाणी प्यायले, आणि भिंतीवरच्या बोर्डाकडे डॉक्टर पेशंटकडे बघतो तसे बघत राहिले.

"काय झालं, जवाईबापू?" शोभाताईंनी विचारलं.

"लाइन वरखाली होऊन राहिली आई. गल्लीभर कूलर सुरू आहेत न. अशात मोबाईल लावला तं आतून फुगते."

"अगं बाई! रजत, काढ रे पहिले!"

आता, फोन असा काही फुगत नाही. पण वीज केंद्रातला माणूस सांगतो आहे म्हटल्यावर कोण विचारणार? रजतने आपली काढली, त्याच्या बायकोची काढली, शोभाताईंनी देव्हाऱ्याजवळची काढली. पोरांच्या दोन धरून पाच वायरी. बाबारावांनी त्या अनारशांच्या पिशवीत घातल्या. "पोरं लावतीन पुन्हा, मी ठेवतो वरती," म्हणाले, आणि खाली जाऊन स्कूटरच्या डिक्कीत ठेवल्या.

अकराला उन्मेष आणि सुरुची विमानतळावरून आले. उन्मेषने सवयीने दारातूनच आवाज दिला, "वायरी लपवा रे, बाबाराव आले असतील!"

बाबाराव खूप हसले. इतके हसले की अस्मिताने वळून पाहिलं.

बाराला उन्मेष बोर्डाशी वाकला. सोफ्यामागे पाहिलं. देव्हाऱ्याजवळ पाहिलं. रजतला विचारलं. रजत म्हणाला, "साऱ्या मोठ्या भाऊजींकडे आहेत. लाइन खराब आहे म्हणते." उन्मेषचा चेहरा पडला. एक वाजता त्याच्या परदेशातल्या साहेबाचा फोन यायचा होता आणि बॅटरी चार टक्के होती. सुरुची पर्स उपसत होती, "अहो, पॉवर बँक मी आणली होती! आता होती इथं!"

बाबाराव हॉलच्या कोपऱ्यात कूलरला टेकून बसले होते. जागा त्यांनी निवडून घेतली होती. लोखंडी, जुना कूलर, चालू असला की शेजारच्याला मारा तरी ऐकू जाऊ नये. उन्मेष जवळ आला, खाली वाकला आणि हळू म्हणाला, "साडूभाऊ, जरा ती वायर..."

"काय म्हणता?"

"वायर! चार्जिंगची!"

"मायबाई, कूलरचा आवाज किती गा. जरा जोरात बोला न, उन्मेषराव."

"वायर हवी होती जरा!"

"शायर?" बाबाराव कानाला हात लावून म्हणाले. "कोण शायर आला?"

पंगतीसाठी पाट मांडले जात होते. सगळे बघायला लागले. उन्मेषने घड्याळ पाहिलं. एकाला दहा कमी. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि पुणं, साहेब, सारं विसरून कळमेश्वरच्या बाजारात ओरडावं तसा ओरडला.

त्याच क्षणी गल्लीतली विजेची डीपी फट्‌ म्हणाली. कूलर मेला. पंखे थांबले. आणि त्या स्मशानशांततेत उन्मेषचा आवाज हॉल, जिना, शेजारचे तीन फ्लॅट ओलांडून रस्त्यावर गेला.

"मले वायर द्या न, साडूभाऊ! हात जोडतो गा तुम्हाले!"

हात खरंच जोडलेले होते.

कोणी हसलं नाही. कारण सगळे बाबारावांकडे बघत होते, डोळे विस्फारून. शोभाताई म्हणाल्या, "पाहा! सकाळीच सांगितलं होतं जवाईबापूंनी, लाइन जाणार म्हणून!"

हे बाबारावांनाही नवीन होतं. पण ते गंभीरपणे मान हलवत उठले, खाली गेले, एक वायर घेऊन आले आणि उन्मेषच्या ओंजळीत दोन्ही हातांनी ठेवली. वाण देतात तशी. वायर उन्हाने इतकी तापली होती की उन्मेषने ती या हातातून त्या हातात केली.

"पण आता लाइटच नाही," तो म्हणाला.

"नाही न," बाबाराव म्हणाले. "मागितली तुम्ही, दिली मी. आता वीज मी घरून तं नाही आणली."

"खापरखेड्याले फोन लावा न कोणी," शोभाताई पदराने वारा घेत म्हणाल्या.

"कोणाच्या फोनात जीव आहे?" रजतने विचारलं.

कोणाच्याच नव्हता, सकाळपासून एकही चार्जिंगला लागला नव्हता. उन्मेषचा शेवटचे श्वास घेत होता, तोही एकाला पाच कमी असताना गेला. तो वायर हातात धरून खिडकीत उभा राहिला, आणि पंगत बसली.

बाबाराव ताटावर बसले. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण तीन वर्षांत त्यांना असा गारवा लागला नव्हता. अस्मिता वाढायला आली. पानावर धोंडा ठेवताना ती वाकली आणि कानाशी म्हणाली, "बाकीच्या चार डिक्कीतच आहेत न?"

बाबारावांचा हात तोंडाशी थांबला.

"पिशवी घेऊन खाली जाताना पाहिलं मी तुम्हाले."

"अस्मिता, ते..."

"मले काहून नाही सांगितलं?" ती म्हणाली. "मागच्या धोंड्याले सुरुचीनं माझ्या शालूले 'जुना पडदा' म्हटलं होतं. तिची पॉवर बँक मी तांदळाच्या डब्यात टाकली. आधी ठरवलं असतं तं तुमच्या वायरी पण त्याच डब्यात मावल्या असत्या."

आणि तिने तुपाची वाटी त्यांच्या पानावर सगळीच्या सगळी उलटी केली.