गरुडाला पाय लागला

आमच्या आईचा, म्हणजे चतुराबाईंचा, आवडता शब्द "नक्को". भालकीकडच्या शेतकरी घरातून लग्न होऊन ती चिक्कडपल्लीत आली, तेव्हा तिला ना तेलुगू येत होतं ना उर्दू. हैदराबादच्या दख्खनी बोलीने तिला पहिला शब्द हाच दिला असणार, आणि तिने तो असा काही घट्ट धरला की आजतागायत सोडलेला नाही. समोरच्या माणसाचं वाक्य संपायच्या आत तिचं नक्को तयार असतं. विचार वगैरे नंतर, सवड मिळाली तर.

आता वय चौऱ्याहत्तर. गुडघे दुखतात तर बसून राहा, असं डॉक्टर म्हणतात. बसलं की गुडघे धरतात, असं ती म्हणते. त्यामुळे घरात तिची ये-जा चालूच असते. पण मागच्या महिन्यात एक अख्खा आठवडा ती जी फिरली, ती गुडघ्यांमुळे नव्हे. माझ्या धाकट्या भावामुळे, प्रशांतमुळे, आणि एका कॉम्प्युटर गेममुळे. हसू नका. मीही आधी हसलेच होते.

गेम जुना, आमच्या लहानपणचा. बाबांनी माझ्या अभ्यासासाठी म्हणून कोठीच्या बाजारातून सुटे भाग जोडलेला कॉम्प्युटर आणला होता. माझा अभ्यास त्यावर कधीच झाला नाही. प्रशांत तेव्हा नववीत होता. त्याने कोठीच्याच फुटपाथवरून एक सीडी आणली आणि आमच्या दोन खोल्यांत इजिप्त आलं. एक दाढीवाला शोधक, पायात भलेमोठे बूट, जुन्या देवळांतून आणि थडग्यांतून पळतो, उड्या मारतो, चाव्या शोधतो. आधी डोंगर झाले, जंगल झालं, मग ते इजिप्तचं देऊळ लागलं. त्याच्या गाभाऱ्यात छताला टेकेल एवढी मूर्ती बसलेली होती. दोन्ही हात मांड्यांवर, आणि तोंड ससाण्याचं.

"गरुड आहे हा," आई म्हणाली. ती मागे बसून शेंगा सोलत होती.

"गरुड नाही गं. इजिप्तचा देव आहे."

"मग तिकडं गेलेला गरुड असंल. नमस्कार करायला लाव त्याला."

दाढीवाल्याला नमस्कार येत नव्हता. पळणं, उडी मारणं आणि मरणं, एवढंच त्याला यायचं. मग प्रशांत त्याला मूर्तीसमोर जरा वेळ नुसता उभा करायचा, आणि आईचं तेवढ्यावर भागायचं.

त्या गाभाऱ्यातून बाहेर पडायचा रस्ता मात्र सापडेना. आत आला ते दार मागे बंद झालेलं, पुढे सगळ्या भिंती. अगदी सुरुवातीला एकदा प्रशांतने दाढीवाल्याला मूर्तीच्या पावलावर चढवलं. तिथून मांडीवर उडी मारणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नक्को! देवाला पाय लावायलास? ते बी बूट घालून?"

प्रशांतने त्याला खाली उतरवलं आणि पुन्हा कधी चढवलं नाही. भिंतीतला दगड न् दगड ढकलून पाहिला, शाळेतून आला की तेच, परीक्षा झाली की तेच. आई एकदा माहेरी भालकीला गेली होती, बाबा कामावर, घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "आता चढव की. कोण बघायलंय?" तर हा म्हणतो, "आई नक्को म्हणलीय ना." मी वैतागून उठून गेले. मी आईचं नक्को कधीच मनावर घेतलं नाही. केस कापले, नोकरी धरली, लग्नही आपल्या मनाचं केलं. प्रशांतने मात्र तिचा शब्द खाली पडू दिला नाही. शेवटी सीडीवर ओरखडे पडले आणि गेम तिथेच राहिला.

बारावीनंतर त्याला पुण्याच्या एका संस्थेत प्रवेश मिळाला होता. कॉम्प्युटरवर चित्रं काढायची आणि ती हलवायची, असलं शिक्षण. त्याचा हात फार चांगला होता. गणपतीत गल्लीतली सजावट तोच रंगवायचा. आई म्हणाली, "नक्को बाबा, एवढ्या लांब. तिथं कोण आहे आपलं?" संपला विषय. त्याने वाद घातला नाही, तोंड फुगवलं नाही, बी.कॉम. केलं आणि कोठीतल्या एका औषधांच्या होलसेल दुकानात लागला. अजून तिथेच आहे. बायको प्रणिता गुणी मुलगी आहे, घरात कशाची ददात नाही. पण हा माणूस स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. जेवताना पाय हलतो. टीव्ही लावला की चॅनेल बदलत राहतो. घर बदलू म्हणतो, गाडी बदलू म्हणतो, आणि बदलत काहीच नाही. दुकानातल्या रिकाम्या खोक्यांवर चित्रं काढतो आणि कोणी बघायच्या आत खोकं चेपून टाकतो. प्रणिताने मला सांगितलं म्हणून, नाहीतर मलाही कळलं नसतं.

तोच गेम आता नव्याने निघालाय. जागा त्याच, दाढीवाला तोच, रंग तेवढे उजळ. प्रशांतने तो घेतला आणि एका रविवारी दुपारी पुन्हा त्या गाभाऱ्यात जाऊन पोचला. मी रविवारी माहेरी असते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. आई मागे गवार मोडत होती. प्रशांतने मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ थोडासा बघून रस्ता शोधून ठेवला होता. रस्ता मूर्तीवरूनच होता: पाऊल, मांडी, हात, खांदा, आणि खांद्यामागे छताशी एक फट. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हा. त्याने दाढीवाल्याला पावलावर चढवलं, आणि मधली वर्षं गेलीच नाहीत अशा सुरात आई बोलली.

"नक्को रे. देव आहे."

प्रशांतने कीबोर्ड ढकलला, तो जाऊन भिंतीवर आपटला.

"नक्को, नक्को, नक्को! जन्मभर तेच ऐकायलो मी. हे नक्को, ते नक्को, पुणं नक्को. तुझ्या एका नक्कोपायी मी कोठीत औषधांची खोकी मोजत बसलो. कळायलंय का तुला?"

आईला आधी गंमतच वाटली. ती हसली. मग ते पुण्याचं बोलणं तिच्या डोक्यात उतरलं, आणि तिचं हसू तसंच तोंडावर राहिलं, ते कसं आवरावं हे तिला समजेना. प्रशांत चपला घालून जिना उतरून गेला. तिला तसं बघून मला त्याचा असा राग आला की तो पुढ्यात असता तर मी कानाखाली वाजवली असती, बेचाळीस वर्षांचा असला तरी.

तिथून तो आठवडा सुरू झाला. प्रशांत घरात येत होता, जेवत होता, पण आईशी बोलत नव्हता. आई काही विचारायची, तो "हूं" म्हणायचा. आणि आई फिरत होती. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. वरणात मीठ दोनदा पडलं. एक दिवस देवळात जाते म्हणून निघाली. प्रणिता तिच्याबरोबर होती. वेंकटेश्वराच्या देवळात दारातच गरुड असतो, देवाकडे तोंड करून हात जोडलेला. आई त्या गरुडासमोर उभी राहिली ती राहिलीच, आणि आत देवाकडे न जाता तशीच घरी परतली.

मी जामबागच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गात फोन घेऊ नये हे मी मुलांना रोज सांगते, आणि त्या आठवड्यात रोज वर्गातच माझा फोन वाजला.

"त्रिवेणी, त्या गरुडाच्या वर काय होतं गं?"

"मला काय माहीत? मी कुठे गेलेय वर?"

"काहीच नसंल ना?"

"नसेल."

"आणि असलं म्हणजे?"

"आई, माझा तास चालू आहे."

फोन ठेवला, पण फळ्यावर काय लिहीत होते ते मला आठवेना. तिला गेमचं काहीएक पडलेलं नव्हतं. आपण पोराचं नुकसान केलं की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. ते कोणाला विचारणार? नवरा राहिला नाही, मुलगा बोलत नाही. म्हणून ती गरुडाच्या वरचं विचारत होती. खरं सांगायचं तर मला त्या उत्तराची तिच्याहून जास्त भीती वाटत होती.

मी संध्याकाळी प्रशांतला दुकानात गाठलं. म्हटलं, "माफी माग आणि मोकळा हो. म्हातारी परेशान होऊन मरेल."

"मी खोटं बोललो का?"

"खरं असलं म्हणून काय झालं? उचलली जीभ अन् लावली टाळ्याला?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "मला बी झोप नाही अक्का," म्हणाला, आणि एकदा लावलेली खोकी पुन्हा लावायला लागला.

पुढच्या रविवारी जेवणं झाली. प्रणिता तिच्या आईकडे गेली होती. आईने खुर्ची ओढत आणली आणि कॉम्प्युटरसमोर ठेवली. नेहमी मागे बसायची, आज प्रशांतच्या अगदी शेजारी. हातात भाजी नव्हती.

"लाव ते."

"काय?"

"गरुड लाव."

"झालं गेलं, आई. मी रागात बोललो."

"लाव म्हणलं ना."

त्याने लावलं. आम्ही पुन्हा त्या गाभाऱ्यात आलो. मूर्ती बसलेलीच होती, तिला काय घाई? प्रशांतने दाढीवाल्याला तिच्या पावलावर चढवलं आणि थांबला. बोट बटणावर होतं, पण दाबेना. मला वाटलं हा मुद्दाम करतोय. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. घाम आला होता. चूक आईची, नक्को आईचं, असं ओरडणारा हा शूर गडी, आणि आता कोणी अडवत नसताना त्याच्याच्याने देवाच्या मांडीवर पाय ठेववत नव्हता.

"चढव," आई म्हणाली.

"राहू दे गं. मला कसंतरी व्हायलंय."

"सरक, मी दाबते," मी म्हटलं. माझ्याने बघवत नव्हतं.

"तू नक्को," आई म्हणाली. "त्याचं त्याला चढू दे." मग ती मूर्तीशी बोलली, घरात आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याशी बोलावं तसं. "लेकरू आहे. पाय लागला तर मनावर घेऊ नका."

प्रशांतने बटण दाबलं.

दाढीवाला मांडीवर चढला. हातावरून घसरला, खाली पडला, मेला. पुन्हा चढला, पुन्हा मेला. आई प्रत्येक वेळी "अगं बाई" म्हणत होती आणि मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते. शेवटी तो खांद्यावर पोचला, तिथून त्या फटीत शिरला. अंधारात थोडं सरपटला, आणि बाहेर आला.

मला वाटलं होतं वर पेटी असेल, चावी असेल, गेला बाजार एखादा साप असेल. त्यातलं काही नव्हतं. देवळाचं सपाट छत होतं, आणि वर उघडं आकाश. संध्याकाळ होत आलेली. खाली नदी, एवढी रुंद की पलीकडचा काठ धूसर दिसावा. शिडांच्या होड्या हळूहळू चालल्या होत्या. खजुराची झाडं, वाळू, पाण्यावर उतरणारे पक्षी. तिथे करायचं असं काहीच नव्हतं, कोणी मारायला येत नव्हतं, वेळ संपत नव्हती. गेम करणाऱ्यांनी ती जागा नुसती बघण्यासाठी केली होती. मूर्तीवर जो चढेल त्याच्यासाठी.

प्रशांत दाढीवाल्याला सावकाश चारी बाजूंना फिरवत होता.

"हे कोणीतरी काढलंय," तो म्हणाला. "एकेक होडी कोणीतरी बसून काढलीय, अक्का."

वर काहीच नसावं असा नवस मी मनातल्या मनात आठवडाभर बोलत होते, आणि वर हे सगळं होतं.

आई उठली. चष्मा पुसला, तोंड पडद्याजवळ नेलं, आणि खूप वेळ बघितलं. होड्या बघितल्या, पक्षी बघितले. आता ती म्हणेल, त्यात काय एवढं, चित्रच की, असं मला वाटलं. तेवढी सुटका तिला करून घेता आली असती. तिने घेतली नाही.

"एवढं होतं वर?"

"हौ."

"आणि मी नक्को म्हणले."

प्रशांतने दाढीवाल्याला छताच्या कडेला नेऊन उभं केलं.

"पुण्याला बी मीच नक्को म्हणले."

"जाऊ दे आता, आई."

"जाऊ दे कसं?" ती त्याच्याकडे वळली. डोळे भरले होते, पण आवाज रागाचाच होता, लहानपणी आम्ही पडून गुडघा फोडून आलो की यायचा तसा. "मला तर सवय आहे म्हणायची. तू ऐकलास कशाला रे?"

"तू रागावली असतीस."

"रागावलेच असते की. महिना महिना बोलले नसते." तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, तिथे आता पांढरे जास्त आहेत. "पण तू आल्यावर जेवायला वाढलंच असतं ना, वेड्या."