बिल्ल्याखालचा डाग

कॉम्प्युटरच्या कारखान्यात एकवीस वर्षं तिचं काम एकच: तयार यंत्राच्या कपाळावर कंपनीच्या नावाचा बिल्ला चिकटवायचा आणि अंगठ्याने दाबायचा. सगळे तिला बिल्लेवाली म्हणत. बाईला त्याचा कोण तोरा! त्या बिल्ल्यावर लोक डोळे झाकून पैसे मोजत.

मग कंपनीने एका नवख्या कंपनीशी भागीदारी केली. यंत्रं त्यांची, नाव आपलं, असं साहेबांनी भाषण ठोकलं. त्या नवख्यांचे कॉम्प्युटर दुकानांतून परत आले होते, कारण त्यांची डिस्क चार-सहा महिन्यांत मान टाकायची. फेकणार थोडेच! बिल्लेवालीने जुना बिल्ला नखाने काढायचा आणि डिंकाचा डाग झाकेल असा आपला मोठा बिल्ला वर बसवायचा. तीन आठवड्यांत तिने नऊशे बसवले. ब्र काढला नाही. नोकरीवर लाथ कोण मारणार?

त्याच सुमारास धाकट्या बहिणीने विचारलं, "ताई, कॉम्प्युटर कुठला घेऊ गं?" सवयीने हिच्या तोंडून निघालं, "आमचाच घे की!"

बहिणीने त्यात गेलेल्या नवऱ्याचं सगळं भरून ठेवलं. फोटो, आणि त्याने हॉस्पिटलमधून स्वतःच्या आवाजात पाठवलेले निरोप. पाचव्या महिन्यात डिस्क गेली. काहीच परत मिळालं नाही. बहीण चहा टाकायला उठली तेव्हा हिने बिल्ला हळूच उचकटला. खाली डिंकाचा डाग होता.

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नाही. बँकेत, दवाखान्यात, जाईल तिथे तो बिल्ला तिच्याकडे रोखून बघतो. नकळत ती त्याच्या कडेला नख घालते. बँकेतला कारकून एकदा खेकसलासुद्धा. भर दुपारी कॉम्प्युटरच्या बंद पडद्यामागून मेहुणा काहीतरी बोलतोय असा भास होतो, पण शब्द कळत नाहीत. तिला भीती वाटते, सरळ सांगायचं तर.

परवा तिने मन घट्ट केलं आणि बहिणीला सांगून टाकलं. "तो बिल्ला मीच बसवला होता. यंत्र नासकं आहे हे मला ठाऊक होतं. त्या नावावर कंपनीने सगळ्यांना फसवलं गं."



"नावाचं काय घेऊन बसलीस, ताई? ते मी वाचलंसुद्धा नव्हतं. तू म्हणालीस म्हणून घेतला."