कुलपातलं मीठ

आता खरं तर हे सांगायचंही त्राण उरलं नाही, पण तुम्ही चहा पाजताय म्हणून सांगतो. हसा, पण जरा हळू हसा.

आमचं घर बोरगाव मेघेला, पाणी बोअरचं. इतकं जड, की कुकर शिट्ट्या मारून दमतो आणि तुरीची डाळ मात्र तशीच! म्हणून पाणी हलकं करणारं सॉफ्टनर बसवलं. त्याच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह गळायला लागला. मेकॅनिक रोज म्हणे, उद्या येतो. आणि नेमका त्याच वेळी माझा मोठा साळा जेवायला येतो म्हणाला!

साधी गोष्ट नव्हती हो ती. आमच्या वास्तुशांतीला त्याला दुसऱ्या पंगतीत बसवलं गेलं, तेव्हापासून तो नाचणगावहून आमच्याकडे फिरकलाच नव्हता. वंदना, म्हणजे माझी बायको, दर राखीला भावाच्या आठवणीने डोळे पुसायची. त्या दिवशी वरण मऊ शिजायलाच हवं होतं.

मी वर्ध्याहून नवा व्हॉल्व्ह आणला. दुकानदार म्हणाला, "बसवला की आधी सॉफ्टनर आतून धुवायला मिठाचं पाणी फिरवा, ते नालीत जाऊ द्या."

त्यात काय अवघड? जुन्यावर जिथे जो पाइप होता, तिथेच तो नव्यावर लावला. मिठाचं पाणी फिरवलं. वरची टाकी अर्धी भरलेली होतीच, पाण्याची घाई नव्हती, म्हणून मी ऐटीत पेपर घेऊन बसलो.

दुपारी चहा आला. खारट!

"आई, साखरेऐवजी मीठ टाकलं का?"

"मले काय दिसत नाई काय रे?" आई भडकली.

मग वंदनाने वरण चाखलं. तेही खारट.

"आई, तुम्ही मीठ टाकलं काय वरणात?"

"म्या काऊन टाकू? तूच दोनदा टाकलं असन."

"मी तं अजून टाकलंच नाई!"

झालं! ते वरण ओतून दुसरं लावलं. तेही खारट. आता सासू-सुना एकमेकींकडे बघेनात. आई पुटपुटली, "पाण्यातच काई असन रे."

"पाण्यात? आई, नवा व्हॉल्व्ह मी स्वतः बसवलाय!"

आणि घरात शांतता राहावी म्हणून मी काय केलं असेल? मिठाचा डबाच कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. म्हटलं, शिजवा आता बिनमिठाचं!

तिसरं वरण उतरतंय तोच साळा दारात. चाखायलाही वेळ मिळाला नाही. त्याला मानाने बसवलं, वाढलं. त्याने एक घास घेतला आणि हात थांबला.

"वंदे, मले हाकलाचंच होतं तं बोलावलं काऊन?"

वंदनाचे डोळे भरले. "भाऊ, तुझी शपथ, यात मीठच नाई! डबा कुलपात हाये."

"चावी कोणापाशी हाये?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. सांगतो तुम्हाला, आपल्याच घरात इतकं परकं कधी वाटलं नव्हतं. मी खिसा धरून नुसता उभा! साळा ताटावरून उठला. म्हटलं, आता गेला हा कायमचा! जाताना तो बेसिनपाशी चूळ भरायला थांबला. चूळ थुंकली. पुन्हा नळ सोडला, बोट ओलं करून जिभेला लावलं.

"जवाईबुवा, थो व्हॉल्व्ह कोणं बसवला?"

मागे जाऊन पाहिलं. नव्या व्हॉल्व्हची तोंडंच वेगळ्या जागी होती! नालीचा पाइप टाकीच्या तोंडाला, टाकीचा नालीच्या. सगळं मिठाचं पाणी थेट टाकीत गेलेलं. साळा हसत सुटला. वंदना रडता रडता हसली. आईने तर हसून हसून भिंतच धरली.

भावाने शेजारून पाण्याची बादली आणली, बहिणीने चौथं वरण लावलं. मी गच्चीवर टाकी घासत होतो. खाली दोघांच्या गप्पा रंगलेल्या, आणि विषय फक्त मी!

आता तो दर रविवारी येतो. चप्पल काढायच्या आधी दारातूनच ओरडतो, "वंदे, जवाईबुवानं आज कशाले हात तं नाई लावला?"